न्यूरेंबर्ग, ३० मार्च १९४४ : एका रात्रीत ९५ बॉम्बर कसे गेले

प्रकरण थोडक्यात

३०-३१ मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडने दक्षिण जर्मनीतील न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने पाठवली : ५७२ लँकेस्टर आणि २१४ हॅलिफॅक्स ही अवजड बॉम्बर, आणि ९ हलकी मॉस्किटो. त्यांतली ६४ लँकेस्टर आणि ३१ हॅलिफॅक्स परतली नाहीत. बॉम्बर कमांडला सगळ्या युद्धात एका रात्रीत एवढा फटका दुसऱ्यांदा बसला नाही.

याची दोन तयार उत्तरे नेहमी ऐकायला मिळतात : 'हॅरिसचा हट्ट' (हॅरिस म्हणजे बॉम्बर कमांडचे प्रमुख) आणि 'बातमी आधीच फुटली होती'. दुसऱ्याला पुरावा नाही आणि पहिल्याने फारसे काही कळत नाही. चंद्र, वारा, मार्ग आणि जर्मनांचे नवे रडार यांपैकी एकेकाशी बॉम्बर कमांडने त्या हिवाळ्यात टक्कर घेतली होती आणि नुकसान सोसून ती निभावली होती. न्यूरेंबर्गची मोहीम एका अटीवर मंजूर झाली. ती अट दुपारीच डळमळली, तरी मंजुरी तशीच राहिली. या लेखाचा रोख त्या मंजुरीवर आहे.

निर्णय घेणाऱ्यांची नावे सर्वज्ञात आहेत, ती ठेवली आहेत. विमानांतल्या माणसांची नावे गाळली आहेत.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९४३ पासून सर आर्थर हॅरिस यांची बॉम्बर कमांड बर्लिनच्या मागे लागली होती. रात्री लांब आणि पल्ला त्याहून लांब. १९-२० फेब्रुवारी १९४४ ला लाइपझिगवर ८२३ विमाने गेली, ७८ परतली नाहीत. २४-२५ मार्चला बर्लिनवर ८११ गेली, ७२ परतली नाहीत.

या टक्केवारीचा माणसांच्या हिशोबात अर्थ काय, हे आधी पाहावे लागते. एका दलाची, म्हणजे एका विमानातल्या माणसांच्या संचाची, पहिली 'टूर' (ठरलेली कामगिरी) ३० मोहिमांची. दर मोहिमेला १०० पैकी ४ विमाने जात असतील, तर ३० मोहिमा पुऱ्या करणारी दले शंभरात २९ उरतात. नुकसान ५ टक्के झाले की २१. हा उलट्या चक्रवाढीचा हिशोब आहे. वर एक टक्का वाढला की खाली माणसे झपाट्याने कमी होतात. ४ ते ५ टक्क्यांच्या पुढे प्रशिक्षण शाळांतून येणारी भरतीही पुरेनाशी होते, कारण अनुभवी दलेच शिल्लक राहत नाहीत. न्यूरेंबर्गच्या रात्रीचा दर ११.९ टक्के होता. तो कायम राहिला असता तर शंभरातली दोनच दले टूर संपवून घरी गेली असती.

एका लँकेस्टरमध्ये सात जण असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेस ऑपरेटर, पाठीवरच्या घुमटातला गनर आणि शेपटीतला गनर. गनरांकडे ०.३०३ इंची मशीनगन. समोरच्या जर्मन विमानाकडे २० मिलिमीटरच्या तोफा. पल्ला आणि मार दोन्हींत फरक मोठा होता. त्यामुळे गनरचे खरे काम गोळी मारण्यापेक्षा वेळेवर बघण्याचे आणि 'कॉर्कस्क्रू' असे ओरडण्याचे. मग वैमानिक विमान एका बाजूला खाली झोकून, वळवून, पुन्हा वर काढत असे. पाठलाग करणाऱ्याचा नेम चुकवण्याचा तो एकमेव भरवशाचा उपाय होता.

जर्मन बाजू वर्षभरात पार बदलली होती. आधी त्यांची पद्धत चौकटींची होती : एका चौकटीत एक रडार, एक लढाऊ विमान. १९४२ मध्ये ब्रिटिशांनी सगळी विमाने एका दाट प्रवाहात, एकाच वाटेने पाठवायला सुरुवात केली आणि त्या चौकटी अपुऱ्या पडू लागल्या. जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर 'विंडो' म्हणजे अॅल्युमिनिअमच्या कागदी पट्ट्या टाकून जर्मन रडार आंधळे केले. जर्मनांनी त्यावर चौकटीच सोडल्या. लढाऊ विमाने रेडिओ-दीपांभोवती, म्हणजे ठरावीक जागेवरून रेडिओ-संकेत देणाऱ्या केंद्रांभोवती, गोळा करायची, जमिनीवरून प्रवाहाचे चालते वर्णन ऐकवायचे, एकदा विमान प्रवाहात शिरले की पुढचे शिकार त्याने स्वतः शोधायचे. या पद्धतीचे नाव 'त्साहमं झाउ', म्हणजे पाळीव रानडुक्कर.

त्यांच्या हाती तीन नवी साधने आली होती. एसएन-२ हे विमानातले रडार बऱ्याच लांब तरंगलांबीवर चाले, त्यामुळे तेव्हाच्या विंडो-पट्ट्यांचा त्याला उपद्रव होत नसे. फ्लेन्सबुर्ग हा ग्राहक, म्हणजे लहरी पकडणारा रिसीव्हर, ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीतल्या 'मोनिका' या धोकासूचक रडारचीच लहर पकडून त्याच्या दिशेने नेई. आणि 'श्रेगं मुझीक' म्हणजे वर तोंड करून तिरक्या बसवलेल्या दोन तोफा. बॉम्बरच्या पोटाखाली अंधारात सरकायचे, दोन पंखांतल्या इंधनटाक्यांवर नेम धरायचा, छोटा मारा करून बाजूला व्हायचे. लँकेस्टरच्या पोटाला खालून पाहणारा गनर नव्हता. त्या जागी एच-टू-एस हे जमीन दाखवणारे रडार बसवलेले असे. या तोफांच्या गोळ्यांत प्रकाशरेषा जवळजवळ नसे, त्यामुळे शेजारच्या विमानातून पाहणाऱ्यांना एखादा बॉम्बर विनाकारण फुटला असेच वाटे. दलांमध्ये समज पसरला की जर्मन लोक फुटणाऱ्या बॉम्बरसारखा देखावा करणारे 'बुजगावणे' गोळे झाडतात. असा गोळा कधीच नव्हता. ते जे पाहत होते ते खरे बॉम्बर होते.

समस्या

मार्चच्या शेवटी हॅरिस यांच्या हाती रात्री थोड्याच उरल्या होत्या. फ्रान्समधील चढाईच्या तयारीसाठी १४ एप्रिलपासून बॉम्बर कमांड जनरल आयझेनहॉवर यांच्या अखत्यारीत जाणार होती, आणि मग रेल्वे यार्डे हीच लक्ष्ये. जर्मनीत खोलवर मोठा घाव घालायचा तर याच आठवड्यात.

अडचण चंद्राची होती. लांब पल्ल्याच्या मोठ्या मोहिमा चांदण्या रात्री टाळायच्या, हा रिवाज अनुभवातून आलेला होता. ३० मार्चला शुद्ध सप्तमी-अष्टमीचा अर्धा चंद्र होता. तो १ वाजून ४८ मिनिटांनी मावळणार होता, म्हणजे जाण्याचा सगळा प्रवास त्याच्या उजेडात. सकाळच्या हवामान अंदाजात मात्र एक सोय दिसली : जाताना वाटेवर उंच ढगांचे आवरण मिळेल आणि लक्ष्यावर आकाश मोकळे असेल. आवरण असेल तर चंद्राचा त्रास नाही. अट ती हीच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, रात्र सोडून देणे. त्याने एकही विमान जात नव्हते. जाणार होती ती एक संधी, आणि अशी संधी बर्लिनच्या मोहिमेला निर्णायक करील हा भरवसा मार्चअखेर खुद्द कमांडमध्येही पातळ झाला होता.

दुसरा, जवळचे किंवा उत्तरेकडचे लक्ष्य घेणे. चंद्राच्या उजेडातले तास कमी झाले असते. न्यूरेंबर्गचे राजकीय वजन मोठे. नाझी पक्षाचे मेळावे तिथलेच. औद्योगिक शहर म्हणूनही ते यादीत बराच काळ होते. त्यामुळे हा पर्याय लवकर मागे पडला.

तिसरा, न्यूरेंबर्गच, पण वळणावळणाच्या मार्गाने. पुढे जाऊन लक्ष्यावर खुणेचे दिवे टाकणाऱ्या पाथफाइंडर गटाचे, म्हणजे ८ व्या ग्रुपचे प्रमुख डॉन बेनेट यांचा कल याकडे होता. वळणांचा हेतू साधा : जर्मन नियंत्रकाला लक्ष्याचा अंदाज उशिरा यावा आणि लढाऊ विमानांना प्रवाह चुकावा. किंमत मात्र होती. जास्त मैल म्हणजे जास्त इंधन, म्हणजे कमी बॉम्ब. प्रत्येक वळणावर नॅव्हिगेशनची एक नवी चूक शिरते ती वेगळीच.

चौथा, सरळ मार्ग. ५ व्या ग्रुपचे राल्फ कॉक्रेन यांचे मत त्या बाजूचे. उत्तर समुद्र ओलांडून बेल्जियमचा किनारा, तिथून शार्लरुआजवळ वळण, मग सरळ पूर्वेकडे २६५ मैल फुल्डाच्या उत्तरेपर्यंत, तिथे उजवीकडे वळून ७५ मैल दक्षिणेला न्यूरेंबर्ग. २६५ मैल म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबई ते पणजी हवाई अंतर जवळपास एवढेच आहे, आणि एवढ्या अंतरात एकही वळण नाही. युक्तिवाद असा की इतका सरळ मार्ग कोणी आखेल असे शत्रूला वाटणार नाही. शिवाय शत्रूच्या आकाशातला वेळ वाचतो. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. ढगांचे आवरण असते तर कदाचित टिकलाही असता.

निवड चौथ्याची झाली. हॅरिस यांचे सहायक रॉबर्ट सॉन्डबी यांच्याकडे मोहिमेची तपशीलवार आखणी होती. दिशाभूल करण्यासाठी हेलिगोलंडच्या समुद्रात सुरुंग पेरायला ४९ हॅलिफॅक्स, आखेन, कोलोन आणि कासेलवर मिळून ३४ मॉस्किटो, आणि जर्मन धावपट्ट्यांवर १३ मॉस्किटो असा बेत होता. कागदावर ही जोडणी नेहमीसारखीच दिसते.

दुपारचा निर्णय

दुपारी हवामान टेहळणीचे एक मॉस्किटो मार्गावर जाऊन आले. त्याचा अहवाल सकाळच्या अंदाजाच्या नेमका उलट होता : वाटेवर उंच आवरण मिळण्याची शक्यता कमी, उलट लक्ष्यावरच ढग असण्याची शक्यता जास्त. संध्याकाळी निघालेल्या अंदाजातही न्यूरेंबर्गवर दाट खालचे ढग आले.

म्हणजे मंजुरीची दोन्ही कारणे एकदम गेली. मोहीम रद्द झाली नाही. का झाली नाही याचे स्पष्टीकरण हॅरिस यांनी लेखी ठेवलेले नाही, त्यामुळे हेतूंबद्दल तर्क न लढवता यंत्रणेकडे बघितलेले बरे. दुपारपर्यंत विमानांत इंधन भरले जात होते. मार्गानुसार इंधन ठरते आणि इंधनानुसार बॉम्बचा भार. बॉम्ब चढले, दलांना माहिती देण्याची वेळ झाली, की मार्ग बदलणे म्हणजे शेकडो विमानांचा भार उतरवून पुन्हा चढवणे. प्रत्येक तासाला 'नाही' म्हणणे महाग होत जाते. अशा वेळी नवा अहवाल 'आणखी एक माहिती' म्हणून टिपला जातो. ज्या अटीवर मंजुरी दिली ती अट मोडली, असे तो कागद स्वतःहून ओरडत नाही.

आकाशात काय झाले

उड्डाणे रात्री साधारण साडेनऊ-दहापासून सुरू झाली. बेल्जियमपर्यंत ठीक गेले. शार्लरुआच्या पुढे सरळ टप्पा लागला तेव्हा वर चांदणे, खाली पांढरे ढग आणि मध्ये सत्तर-एक मैल लांबीचा प्रवाह. त्यातच हवेच्या स्थितीमुळे बॉम्बर ज्या उंचीवर उडत होते तिथेच इंजिनांमागे वाफेचे पांढरे पट्टे उमटू लागले. एरवी ते याहून बऱ्याच उंचीवर तयार होतात. मागून येणाऱ्या लढाऊ वैमानिकाला रडारची गरजही उरली नाही.

जर्मन नियंत्रकाने आपली विमाने 'इडा' आणि 'ऑटो' या दोन रेडिओ-दीपांपाशी गोळा केली होती. इडा आखेन-बॉनच्या पट्ट्यात, ऑटो फ्रँकफर्टच्या बाजूला. ब्रिटिशांचा सरळ टप्पा या दोन्हींजवळूनच जात होता. सुरुंगपेरणी आणि मॉस्किटोंच्या दिशाभुलीला त्याने दाद दिली नाही. एच-टू-एस रडार नसलेली मॉस्किटो आणि ते असलेली अवजड बॉम्बर यांतला फरक जर्मन ग्राहक यंत्रांना कळत होता. लक्ष्य मात्र त्याला ठाऊक नव्हते. चालत्या वर्णनात न्यूरेंबर्गचे नाव हल्ला सुरू होईपर्यंत आले नाही. 'बातमी फुटली' या कथेला सगळ्यात मोठा अडथळा तोच आहे. लक्ष्य कळण्याची त्याला गरजही नव्हती. विमाने प्रवाहात शिरली आणि प्रवाह वळेना, म्हणून तिथेच राहिली.

९५ पैकी ८२ विमाने जाताना आणि लक्ष्याच्या आसपास पडली. एका जर्मन वैमानिकाने एकट्याने सात पाडली. परतीच्या वाटेवर हल्ले ओसरले, कारण लढाऊ विमानांचे इंधन आणि दारूगोळा संपत आला होता.

दुसरी अडचण वाऱ्याची, आणि सहा दिवसांपूर्वीच्या बर्लिनच्या रात्री हीच अडचण आली होती हे विशेष. गी ही रेडिओ-मार्गदर्शन यंत्रणा जर्मनीवर जॅम केलेली असे. त्यामुळे बहुतेक नॅव्हिगेटरांना वेग, दिशा, वेळ आणि वारा यांवरून जागा काढावी लागे. वाऱ्यात ताशी २० मैलांची चूक राहिली तर तासाभरात विमान २० मैल भरकटते. उपाय म्हणून काही निवडक विमाने वारा मोजून तळाला कळवत. तळावर त्याची सरासरी काढून ती सगळ्यांना प्रसारित केली जाई. २४ मार्चला ताशी शंभर मैलांपुढचे आकडे आले, तेव्हा विमानातल्यांनी ते घाबरत कळवले आणि तळावरच्यांनी आणखी छाटले. वारा असा असूच शकत नाही, म्हणून. न्यूरेंबर्गच्या रात्रीही अंदाजाचा वारा आणि खरा वारा जुळले नाहीत. प्रवाह उत्तरेकडे सरकला आणि फुल्डाचे वळण अनेकांनी चुकीच्या जागी घेतले.

परिणाम : सुमारे १२० विमानांनी न्यूरेंबर्ग समजून वायव्येला ५० मैलांवरच्या श्वाइनफुर्टच्या आसपास बॉम्ब टाकले. दोन पाथफाइंडर विमानांनी तिथे खुणेचे दिवे टाकले होते, त्यामुळे चूक पक्की झाली. खुद्द न्यूरेंबर्गवर दाट ढग आणि आडवा जोरदार वारा. पाथफाइंडरांच्या खुणा पूर्वेकडे सरकल्या. मागच्यांनी बॉम्ब जरा आधी, मग आणखी आधी सोडले, आणि माऱ्याचा पट्टा शहराच्या उत्तरेला दहा मैल मागे शेतांत गेला. शहर आणि आसपासच्या गावांत मिळून ६९ माणसे दगावली. शहराचे नुकसान किरकोळ.

एक हॅलिफॅक्स

आकड्यांतून न दिसणारे काही एका विमानात दिसते. यॉर्कशायरमधील बर्न तळावरचे, ५७८ स्क्वाड्रनचे एक हॅलिफॅक्स लक्ष्यापासून ७० मैलांवर असताना जर्मन विमानाच्या माऱ्यात सापडले. पहिल्याच माऱ्यात इंटरकॉम तुटला. दुसऱ्या विमानाच्या हल्ल्यात गनरांच्या मशीनगन बंद पडल्या, एक इंजिन खराब झाले, दोन टाक्या गळू लागल्या. इंटरकॉमशिवाय दिलेला खुणेचा संदेश चुकीचा वाचला गेला, आणि नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा आणि वायरलेस ऑपरेटर पॅराशूटने उतरले. विमान अजून उडत होते. आत उरले वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर आणि दोन गनर : दिशा सांगणारे कोणी नाही, रेडिओ चालवणारे कोणी नाही.

वैमानिकाने लक्ष्य समजून जे दिसले तिथे स्वतः बॉम्ब सोडले. खराब इंजिनाचा पंखा सुटून गेला. समोरून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध साडेचार तास उडून तो इंग्लंडला पोहोचला, पण तळापासून ९० मैल उत्तरेला. तोवर इंधन संपत आले आणि एकच इंजिन उरले. खाली रायहोप खाणीची वस्ती होती, घरे चुकवत त्याने विमान उतरवण्याचा प्रयत्न केला. मागे बसलेले तिघे वाचले. वैमानिक गेला, आणि जमिनीवर खाणीकडे निघालेला एक कामगारही. त्या वैमानिकाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या रात्रीचा तो एकमेव.

या विमानाची पहिली चूक बाहेरच्या हल्ल्याची नव्हती. इंटरकॉम तुटल्यावरची खूण संदिग्ध होती. 'तयार राहा' आणि 'उडी मारा' या दोन संदेशांत चूक होऊ शकते अशी व्यवस्था असेल तर ती चूक नेमकी सर्वांत वाईट क्षणी होते.

निकाल

त्या रात्री सुमारे ५४५ विमानकर्मी मृत्युमुखी पडले आणि दीडशेच्या आसपास कैदी झाले. म्हणजे पडलेल्या विमानांतल्या पाचांपैकी चार मेले. १०१ स्क्वाड्रनची सात विमाने गेली. त्यांच्या लँकेस्टरमध्ये जर्मन रेडिओ-संभाषण बिघडवणारी यंत्रणा असे आणि त्यासाठी जर्मन जाणणारा आठवा माणूस.

पाचांतला एकच का वाचतो, याचे एक उत्तर दारात आहे. लँकेस्टरमधून पुढच्यांना बाहेर पडायची वाट नाकाच्या तळातली झडप. तिची रुंदी २२ इंच. छातीवर पॅराशूट, अंगावर जाड उड्डाणवेश, आणि विमान गिरकी घेत असेल तर त्या गतीने माणूस भिंतीला चिकटतो. वायरलेस ऑपरेटरला पंखाचा आडवा कणा ओलांडावा लागे. शेपटीतल्या गनरचे पॅराशूट घुमटात मावत नसे, ते मागे विमानाच्या पोटात अडकवलेले. आग लागल्यावर त्याने दारे उघडून, हात मागे घालून ते आधी शोधायचे. बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या फ्रीमन डायसन यांनी दाखवून दिले की पाडलेल्या हॅलिफॅक्समधून साधारण २५ टक्के लोक वाचत, लँकेस्टरमधून १५ टक्के. हॅलिफॅक्सची झडप दोन इंच जास्त रुंद होती. लँकेस्टर जास्त उंच उडे, जास्त बॉम्ब नेई, कमी वेळा पडे. म्हणून झडपेचा प्रश्न मागे राहिला. युद्ध संपेपर्यंत रुंद झडप सर्वत्र पोहोचली नाही.

कुठे वेगळे करता आले असते

सर्वांत वजनदार क्षण दुपारचाच. मंजुरी देताना 'आवरण असेल तर' एवढे तोंडी न ठेवता, कोणत्या वेळेचा, कोणाचा अहवाल निर्णायक आणि तो उलट आला तर कोण रद्द करणार, हे सकाळीच ठरवले असते तर टेहळणीच्या मॉस्किटोला अर्थ राहिला असता. जिच्या उत्तराने काही बदलणार नाही अशी टेहळणी पाठवण्यात एक विमान आणि दोन माणसे उगाच धोक्यात जातात.

मार्गाबद्दल मत देताना जपून बोलावे लागते. वळणांच्या मार्गाने नुकसान किती कमी झाले असते, हे सिद्ध करता येत नाही. बर्लिन आणि लाइपझिगच्या रात्रीही वळणे होती आणि ७०-७० विमाने गेली. पण सरळ टप्प्याचा दोष लांबीपेक्षा जागेत जास्त होता. रेडिओ-दीपांची ठिकाणे ब्रिटिश गुप्तवार्तेला माहीत होती. दीपांपासून पन्नास मैल दूर नेणारे एखादे वळणही लढाऊ विमानांचे इंधन खाऊन गेले असते. 'शत्रूला सरळ मार्गाची अपेक्षा नसेल' हा तर्क १९४२ च्या चौकटींच्या जर्मनांना लागू होता. प्रवाहात शिरून बसणाऱ्या १९४४ च्या जर्मनांना मार्ग ओळखायचाच नव्हता.

वाऱ्याची गोष्ट जास्त खटकते, कारण उत्तर हाताशी होते. २४ मार्चच्या रात्रीने दाखवले होते की विमानातून येणारा विचित्र आकडा हा बहुधा खरा असतो. सहा दिवसांत नवे यंत्र येत नाही. कळवलेले वारे छाटू नका, एवढी सूचना मात्र एका दिवसात देता आली असती.

आणि मोनिका. हल्ला होऊन परतलेल्या दलांची जबानी, कोणत्या विमानात मोनिका चालू होते आणि कोणते पडले, याची मांडणी करण्यासारखी माहिती गोळा होत होती. पडलेल्यांची जबानी मात्र मिळत नाही. पोटाखालून मारलेले दल सांगायला येत नाही, आणि जे येते ते मागून आलेल्या विमानाचेच वर्णन करते. म्हणून श्रेगं मुझीकचा धोका दलांपर्यंत ठसठशीतपणे उशिरा पोहोचला.

नंतर काय बदलले

न्यूरेंबर्गनंतर बर्लिनची मोहीम संपली. एप्रिलपासून फ्रान्स-बेल्जियममधली जवळची लक्ष्ये आली. एकाच मोठ्या प्रवाहाऐवजी एका रात्री दोन-तीन लक्ष्यांवर लहान तुकड्या पाठवण्याची रीत वाढली. लढाऊ विमाने एकाच वाटेवर गोळा करणे त्यामुळे जर्मनांना जड गेले. शत्रूच्या रडारवर मारा आणि रात्रीच्या लढाऊ विमानांची शिकार हे १०० व्या ग्रुपचे काम जोरात सुरू झाले.

१३ जुलै १९४४ ला एक जर्मन युंकर्स ८८ वाट चुकून सफकमधील वुडब्रिज धावपट्टीवर उतरले. त्यात एसएन-२ आणि फ्लेन्सबुर्ग दोन्ही जसेच्या तसे मिळाले. चाचणीत दिसले की फ्लेन्सबुर्ग मोनिकाची लहर दुरूनच पकडते. मोनिका काढून टाकले गेले आणि एसएन-२ साठी वेगळ्या लांबीच्या विंडो-पट्ट्या आल्या.

२ जानेवारी १९४५ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ५१४ लँकेस्टर आणि ७ मॉस्किटो गेली. चार लँकेस्टर परतली नाहीत, दोन फ्रान्समध्ये कोसळली. शहराचा जुना भाग जळून गेला आणि १,८०० वर माणसे मेली. दोन रात्रींमधला फरक केवळ ब्रिटिश शहाणपणाचा नव्हता. जर्मनांचे इंधन, फ्रान्समधले तळ आणि अनुभवी वैमानिक हे तिन्ही तोवर सरले होते.

नुकसान मोजताना

वेगवेगळ्या ठिकाणी या रात्रीचे ९५, ९६, १०० पुढचे असे आकडे सापडतात. भांडण रकान्यांचे आहे. 'बेपत्ता' म्हणजे परत न आलेले. इंग्लंडमध्ये कोसळलेले किंवा उतरल्यावर भंगारात काढलेले विमान वेगळ्या वर्गात जाते. वर सांगितलेले हॅलिफॅक्स याच वर्गातले. अशी दहाच्या आसपास धरली की बेरीज शंभराच्या पुढे जाते. स्क्वाड्रनची रोजनिशी, विमानाचा अनुक्रमांक आणि त्याची स्थितीनोंद ही तिन्ही जुळवल्याशिवाय एकाही विमानाची नोंद पक्की धरू नये. स्क्वाड्रनची दोन अक्षरे आणि विमानाचे एक अक्षर एकामागून एक येणाऱ्या विमानांना दिले जाई. केवळ त्या अक्षरांवर विसंबलात की दोन वेगळी विमाने एक होतात.

सगळ्या युद्धात बॉम्बर कमांडचे ५५,५७३ विमानकर्मी गेले, सुमारे सव्वा लाखांपैकी. युद्धानंतर हवाई दलाच्या शोधपथकांनी गावोगावच्या दफनभूमी उकरून ओळखी पटवल्या : कपड्यावरचा धोब्याचा क्रमांक, बोटातली अंगठी, छातीवरचे बिल्ले, इंजिनाचा क्रमांक. या रात्रीचे अनेक जण ड्युर्नबाख, राइनबर्ग आणि हॅनोव्हर इथल्या युद्ध-दफनभूमींत आहेत. ज्यांची कबर नाही अशांची नावे सरेमधील रनीमीडच्या स्मारकावर कोरली आहेत. तिथे एकूण २० हजारांहून जास्त नावे आहेत.

अशा शोधात दलाची संख्या सात धरून चालणे ही नेहमीची चूक. नवख्या वैमानिकाला पहिल्या मोहिमेला अनुभवी दलाबरोबर दुसरा वैमानिक म्हणून पाठवत, आणि १०१ स्क्वाड्रनच्या विमानात आठवा ऑपरेटर असे. सात कबरी ओळीने मिळाल्या म्हणून फाइल मिटवली, की आठव्या माणसाचे नाव पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या दफनभूमीत किंवा रनीमीडच्या भिंतीवर शोधायचे राहून जाते.